कोहऱ्यात भाड्याची मोटार

आपण ग्वाल्हेरकर मराठी मंडळी घरात शुद्ध मराठी बोलतो, असा आपला एक गोड समज आहे. तो खरा असो वा नसो, पौषातल्या पहाटे दार उघडून अंगणात डोकावणारा आपल्यापैकी कोणी ‘आज धुके पडले आहे’ असे म्हणताना मी तरी ऐकलेला नाही. ‘आज कोहरा आहे’ असेच आपण म्हणतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. एम. ए. ला असताना मराठी कवितेत मला जे धुके भेटले, ते सह्याद्रीच्या उतारावरचे होते. दरीतून हलकेच वर येणारे, उन्हाची तिरीप लागताच विरून जाणारे आणि जाताजाता कवीला दोनचार उपमा देऊन जाणारे. चंबळ-यमुनेच्या मुलखातला आपला कोहरा निराळ्या कुळीचा आहे. तो एकदा बसला की दहा-दहा वाजेपर्यंत उठत नाही, आणि त्याच्याकडून उपमा मिळवण्याच्या फंदात रस्त्यावरच्या माणसाने पडू नये हे उत्तम.

या विषयावर लिहिण्याचे कारण असे की, हिवाळ्यात आपली मुलेबाळे पुण्याहून, हैदराबादहून, बंगळुरूहून घरी येतात आणि हल्ली त्यांच्यापैकी बरीचशी दिल्लीला उतरून तेथून भाड्याची मोटार स्वतःच चालवत आणतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या या मोटारी आता आपल्या गल्लीबोळांतूनही दिसू लागल्या आहेत. पूर्वी भाड्याची मोटार म्हणजे चालकासकट मोटार. तो चालक बहुधा याच भागातला असे. धौलपूरच्या अलीकडे कोठे वळण आहे, कोणत्या ढाब्यावर ट्रक आडवे लागतात आणि कोणत्या रात्री निघूच नये, हे त्याला ठाऊक असे. मोटारीबरोबर त्याचे शहाणपणही भाड्याने मिळे. आता मोटार तेवढी मिळते. उरलेले शहाणपण ज्याचे त्याने घेऊन यायचे असते.

२०२४ च्या जानेवारीत आमच्या मातोश्रींचे सहस्रचंद्रदर्शन होते. त्यासाठी थोरल्या बंधूंचा मुलगा आणि सूनबाई पुण्याहून विमानाने दिल्लीस आली आणि तेथून अशीच एक मोटार घेऊन दुपारच्या स्वच्छ उन्हात ग्वाल्हेरला पोहोचली. पुतण्या मोटार उत्तम चालवतो. आषाढातल्या धो धो पावसात खंडाळ्याचा घाट त्याने कितीदा तरी चढला-उतरला आहे, आणि त्याचा त्याला रास्त अभिमानही आहे. परत जायच्या दिवशी मोटार दुपारी एकपर्यंत दिल्लीला सोपवायची होती आणि चारचे विमान होते. ग्वाल्हेर ते दिल्ली हे अंतर सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरचे. आग्र्याच्या पुढे यमुना द्रुतगती मार्ग २०१२ पासून झाला आहे. सारा हिशेब सहा तासांचा.

“पहाटे साडेचारला निघा, म्हणजे अकराच्या आत पोहोचाल,” असे त्यांना कोणी सांगितले? तर मी. माझ्या वडील भगिनी आग्र्यास असतात. त्यांना भेटायला मलाही त्यांच्याबरोबर जायचे होते. शिवाय तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत वक्तशीरपणाचे धडे देणाऱ्या माणसाला लवकर निघणे हा प्रत्येक अडचणीवरचा उपाय वाटत असतो. कोहऱ्याच्या बाबतीत तो नेमका उलटा आहे. आकाश निरभ्र, वारा पडलेला, एकदोन दिवसांपूर्वी मावठा होऊन गेलेला किंवा गव्हा-मोहरीच्या शेतांना पाणी दिलेले, अशा रात्री जमीन आपली ऊब वर आकाशात सोडत राहते, तिला लागून असलेली दमट हवा गार होते आणि त्यातली वाफ सूक्ष्म थेंबांच्या रूपाने हवेतच तरंगू लागते. ही क्रिया रात्रभर चालते. म्हणजे तिचा परमोत्कर्ष होतो तो पहाटे चारपासून सूर्योदयानंतरच्या तासा-दोन तासांपर्यंत. कित्येकदा तर सूर्य उगवल्यावर तो अधिकच दाटतो. कोहऱ्याच्या आधी निघू म्हणून पहाटे निघणारा माणूस त्याच्या ऐन मध्यभागी जाऊन पोहोचतो. हे मला तेव्हा पुस्तकात ठाऊक होते, परंतु घड्याळापुढे पुस्तक आठवले नाही.

लष्करातून बाहेर पडेपर्यंत रस्त्यावरचे दिवे दिसत होते. बानमोर मागे पडले आणि पुढे पांढरे झाले. पुतण्याने स्वाभाविकपणे मोठा दिवा लावला. त्याबरोबर पुढे एक भिंतच उभी राहिली. कारण हवेतला प्रत्येक थेंब तो प्रकाश आपल्याच डोळ्यांत परत फेकतो. दिवा खालीच ठेवावा लागतो, आणि मोटारीला कोहऱ्याचे दिवे असतील तर ते लावावे. ते बंपरमध्ये खालच्या बाजूस असतात आणि रस्त्याची कड दाखवतात. पण ते लावायचे कोठून? त्याच्या पुण्याच्या मोटारीत ते बटण एका जागी, या मोटारीत दुसऱ्याच जागी. शिवाय ही मोटार युरोपीय बनावटीची होती. अशा काही मोटारींत वळणाच्या दिव्याची दांडी उजव्या हाताला नसून डाव्या हाताला असते. उजवीकडे वळताना त्याने सवयीने दांडी ओढली आणि कोरड्या काचेवर वायपर फिरू लागला. उन्हात येताना याचा आम्ही विनोद केला होता. पहाटे पाचच्या अंधारात कोणी हसले नाही.

तेवढ्यात काच आतून धुरकट झाली. थंडी म्हणून एसी बंद, खिडक्या बंद, आणि आत तीन माणसांचे श्वास. मी मफलरने काच पुसत होतो; पुसली की पुन्हा तेच. यावरचा उपाय त्या मोटारीतच होता. एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालू करायचे, हवेचा झोत पुढच्या काचेकडे वळवायचा आणि आतली हवा आतच फिरवणारे बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची. हिवाळ्यात एसी लावायचा हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु एसी हवेतला ओलावा काढून घेतो आणि हीटर ती कोरडी हवा उबदार करतो, म्हणून काच मिनिटा-दोन मिनिटांत स्वच्छ होते. मागच्या काचेला तापवणाऱ्या तारा असतात, त्यांचे बटण वेगळे. मला हे पुढे आग्र्यास भाच्याने दाखवले, त्याची खंत आहे. मोटार ताब्यात घेताना ओरखड्यांची छायाचित्रे सगळेच काढतात, कारण त्यात पैशांचा प्रश्न असतो. तेथेच, उभ्या मोटारीत, उजेडी बसून पंधरा मिनिटे प्रत्येक दांडी आणि प्रत्येक बटण हाताने चाचपून पाहिले असते, तर पुढची अर्धी फजिती टळली असती. माझे तर असे मत झाले आहे की, डोळे मिटून दिवा, वायपर, काचेचा झोत आणि चार दिव्यांचे बटण सापडले नाही, तर त्या माणसाने ती मोटार रात्री चालवू नये. टायरची नक्षीही त्याच वेळी बघावी. १.६ मिलिमीटरहून कमी खोल नक्षी कायद्यालाही चालत नाही, आणि दवाने भिजलेल्या डांबरावर तर तेवढीही अपुरीच. भाड्याची मोटार अनेकांच्या हातून गेलेली असते. वायपरचे रबर, जादा चाक, जॅक आणि लाल परावर्तक त्रिकोण जागेवर आहेत किंवा नाहीत, हे आपण पाहिल्याशिवाय कोणी सांगत नाही.

असो. नूराबादच्या पुढे आम्हांला एक ट्रक सापडला. ‘सापडला’ असेच त्या वेळी वाटले. त्याचे दोन तांबडे दिवे धरून पुतण्या साठच्या वेगाने निघाला आणि मलाही हायसे वाटले. हा मोह प्रत्येकाला होतो. परंतु ते दिवे दिसत राहावेत म्हणून आपल्याला त्याच्या अगदी जवळ राहावे लागते, आणि त्याने ब्रेक लावला तर आपल्याला अंतरच उरत नाही. तो ढाब्याकडे वळला, तर आपणही त्याच्यामागे ढाब्यात. शिवाय बाजूची झाडे, खांब, घरे काहीच दिसेनासे झाले की आपण किती वेगाने चाललो आहोत याची जाणीवच नाहीशी होते. साठ हे तिसासारखे वाटू लागतात. काट्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

मागून सूनबाई हळूच म्हणाल्या, “अहो, थोडं सावकाश घ्याल का? मला काहीच दिसत नाहीये.”

आणि मी, शाळेचा मुख्याध्यापक, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून म्हणालो, “इथं सावकाश गेलो तर पुढं वेळ भरून काढावा लागेल.”

पुतण्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने बायकोचे ऐकले. ट्रक पुढे गेला आणि पांढऱ्यात विरघळला. काटा चाळिसावर आला.

त्यानंतर पाच-सात मिनिटे गेली असतील. मुरैना मागे टाकून चंबळेच्या दिशेने आम्ही चाललो होतो. समोर एक करडा डाग दिसला, आणि डाग आहे असे वाटेपर्यंत ती भुसा भरलेली ट्रॉली झाली होती. तिला मागे दिवा नव्हता, परावर्तक पट्टी नव्हती. भुशाचे पोते दोन्ही बाजूंनी फुगून रस्ता अडवून होते. पुतण्याने ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेकची थरथर जाणवली, सूनबाईंची पर्स माझ्या पाठीवर येऊन आदळली, आणि मोटार थांबली तेव्हा आमच्या दिव्यांच्या उजेडात त्या पोत्याची वीण मला दिसत होती. मध्ये दोन-तीन हात अंतर असेल. मागून त्या क्षणी कोणी आले नाही, हे आमचे नशीब.

त्या रात्री आग्र्यास झोप येईना, तेव्हा मी वहीत गणित मांडले. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. समोर काही आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात मोटार १७ मीटर पुढे गेलेली असते. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी १२ मीटर. एकूण २९. ताशी ६० ला हेच आकडे २५ आणि २८ होतात, म्हणजे एकूण ५३. आम्हांला ती ट्रॉली दिसली तेव्हा अंतर तीस मीटरांच्या आसपास असावे. हवामान खाते ५० मीटरांहून कमी दिसणाऱ्या कोहऱ्याला अति दाट म्हणते. साठच्या वेगात त्या पोत्यापाशी पोहोचताना आमचा ब्रेक जेमतेम लागायला सुरुवात झाली असती. वही मिटून ठेवली. पुढचा आकडा काढण्याची इच्छा झाली नाही.

हे गणित रस्त्यावर करत बसता येत नाही, म्हणून मी माझ्यापुरती एक युक्ती केली आहे. कडेचे झाड किंवा फलक प्रथम दिसला की मोजायला लागायचे, ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे. तो आपल्या बाजूला येईपर्यंत चार सेकंद झाले पाहिजेत. तीनच झाले तर वेग जास्त आहे. इतके सावकाश जाणे नामुष्कीचे वाटू लागले तर ती वेळ थांबण्याची आहे असे समजावे.

थांबायचे कोठे, हाही प्रश्नच असतो. रस्त्याच्या कडेला नव्हेच. मागून येणारा कडेची पांढरी रेघ धरूनच येत असतो, आणि उभ्या मोटारीचे दिवे त्याला चालत्या मोटारीचे वाटतात. पेट्रोल पंप, टोलनाक्याजवळची मोकळी जागा, ढाब्याचे आवार, असे पुरते बाहेर जायला हवे. मोटार बंदच पडली तर सर्वांनी उतरून रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभे राहावे. त्रिकोण पन्नासेक पावले तरी मागे ठेवावा, तोही डांबरावरून नव्हे, कडेबाहेरून चालत जाऊन. चारही दिवे लुकलुकवावेत ते तेव्हा. चालत्या मोटारीत ते लावून ठेवण्याची आपल्याकडे जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. आपण उभे आहोत की चालत आहोत हे मागच्याला कळत नाही आणि आपण कोणत्या बाजूला वळणार हेही कळेनासे होते.

आम्हांला सुदैवाने तीन किलोमीटरांवर पंप मिळाला. सव्वासहा वाजले होते. आवारात वीस-पंचवीस ट्रक दाटीने उभे होते आणि चालक पेटवलेल्या टायरभोवती हात शेकत होते. रोजच या रस्त्यावरून जाणारी ही माणसे थांबली होती, आणि वर्षातून एकदा येणारे आम्ही चाललो होतो. एकाने सरकून मला जागा दिली. तो तीनपासून तेथे होता. “मालिक का फोन आता है, हम कह देते हैं, दिख नहीं रहा,” एवढेच तो म्हणाला. रेल्वेचेही तसेच. तिला रूळ आहेत, वाट चुकण्याची भीती नाही, तरी कोहऱ्यात ती वेग उतरवते. सिग्नल जवळ आल्याचे इंजिनवाल्यांना कळावे म्हणून रुळांवर फटाके लावण्याची रीत जुनी आहे, आणि आता इंजिनात त्यासाठी यंत्रही बसवतात. यमुना मार्गावरही अलीकडे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हलक्या वाहनांची वेगमर्यादा १०० वरून ७५ वर आणतात. आपल्या घरातल्या घड्याळात मात्र बाराही महिने एकच वेळापत्रक.

पंपावरच्या चहाच्या टपरीशी उभे राहून पुतण्याने मोटारवाल्यांना फोन लावला. इतका वेळ तो ज्याला भीत होता ते संभाषण तीन मिनिटांत आटोपले. उशिराचे दर तासाप्रमाणे ठरलेले होते, करारात लिहिलेले होते, तेवढे द्यायचे. आम्ही कोणी तो करार वाचला नव्हता. भाड्याच्या मोटारीबरोबर एक घड्याळही भाड्याने येते आणि ते चालकाच्या कानाशी सारखे टिकटिकत असते. ‘एकपर्यंत द्यायची आहे’ हे वाक्य पुतण्याने दोन दिवसांत किती वेळा उच्चारले असेल! उशीर झाला तर नक्की किती पैसे पडतील, हे आदल्या संध्याकाळी विचारून घेतले असते, तर त्या भीतीला एक आकडा मिळाला असता, आणि आकडा मिळालेली भीती बरीच लहान होते. हिवाळ्यात उत्तरेत मोटार घेताना परतीची वेळ दुपारी न ठेवता संध्याकाळची ठेवावी, आणि जमल्यास मोटार परत करण्याच्या दिवशी विमान ठेवूच नये, असे मी आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. खर्च एका दिवसाच्या भाड्याचा वाढतो, हे कबूल.

आम्ही साडेनऊला निघालो. चंबळेच्या पुलावरून खाली पाणी दिसत नव्हते, परंतु पूल दिसत होता. धौलपूर ओलांडताना ऊन पडले, आणि साडेअकराला मी भगिनींच्या दारात उतरलो. मुलांचे चारचे विमान अर्थातच चुकले. ती रात्री दिल्लीला राहिली, दुसऱ्या दिवशीची तिकिटे दुपटीहून महाग पडली. मी ती रक्कम देऊ केली, कारण साडेचारची वेळ माझी होती. पुतण्याने घेतली नाही. “काका, तुम्ही फक्त पुढच्या वर्षी निघायची वेळ सूनबाईंना ठरवू द्या,” असे तो फोनवर म्हणाला. ‘सूनबाई’ हा शब्द त्याने माझ्याच सुरात उच्चारला, आणि पलीकडे ती हसल्याचे मला ऐकू आले.

त्याच महिन्यातली आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. आमच्या शाळेतले एक शिक्षक रोज मुरैन्याहून मोटारसायकलने येत. उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे तांबडी फुली करण्याची माझी पद्धत जुनी. त्या हिवाळ्यात त्यांच्या नावापुढे अशा चार फुल्या होत्या. आग्र्याहून परतल्यानंतर तीन-चार दिवसांनी पुन्हा कोहरा पडला. साडेदहाची शाळा, ते आले तेव्हा अकराला पाच मिनिटे कमी होती. शिरस्त्राण काढले तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर पाण्याचे थेंब होते. बोटे इतकी आखडली होती की पेन धरता येईना. “सर, आज नूराबादपर्यंत फार होता,” असे म्हणून ते हजेरीपटाकडे वळले आणि सवयीने माझ्या तांबड्या पेनाची वाट पाहत उभे राहिले.

मी निळ्या पेनाने त्यांची खरी वेळ लिहिली, १०.५५, आणि सही करायला पट त्यांच्यापुढे सरकवला. त्यांचा पहिला तास मी घेतला होता, मुले शांत होती. उन्हाच्या पट्ट्यात एक खुर्ची होती, तिथे बसून त्यांनी आधी चहा घ्यावा असे मी सुचवले.